एकाच शाखेतले दोन भाऊ, दोन शिवसेना: मूल्यं आधी की पक्ष आधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचे वडील आणि काका दोघंही १९८०च्या दशकातले शिवसैनिक. शाखा एक, दसरा मेळावा एक, घरातल्या भिंतीवर फोटोही एकच. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यावर वडील ठाकऱ्यांबरोबर राहिले आणि काका शिंद्यांकडे गेले. दोघंही छातीठोकपणे सांगतात, "मी होतो तिथंच आहे, बदलला तो." प्रश्न विचारणाऱ्याला दोन गोष्टी कळायच्या आहेत. दोघांचे संस्कार सारखे असताना मतं इतकी वेगळी कशी झाली? आणि मुळात माणूस मूल्यांवरून पक्ष निवडतो, की आधी पक्ष निवडतो आणि मग त्याला शोभतील अशी मूल्यं शोधतो?

मी बरीच वर्षं मतदारांच्या पाहण्यांचं काम करतो. प्रश्नावली बनवायची, मुलामुलींना फील्डवर पाठवायचं, भरून आलेले फॉर्म तपासायचे, आणि उत्तरं एकमेकांशी जुळत नसतील तर का जुळत नाहीत हे शोधत बसायचं. त्या अनुभवावरून सांगतो. रोजच्या मुद्द्यांवर पक्ष पुढे चालतो आणि मूल्यं त्याच्या मागून येतात. पक्षच दुभंगला की मूल्यं दिसू लागतात, पण तेव्हाही ती वाट दाखवण्यापेक्षा घेतलेली वाट योग्य ठरवायला जास्त कामी येतात. आणि हो, तुमचे वडील आणि काका दोघंही खरं बोलताहेत.

'दोघांची मूल्यं सारखी' याचा अर्थ आधी नीट लावू. शलोम श्वार्ट्झ या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्यांची एक मांडणी केली, ती जगभर वापरली जाते. परंपरा, सुरक्षितता, शिस्त, आपल्या माणसांची काळजी, सगळ्यांचं भलं, स्वतःचा निर्णय स्वतः घेणं, यश, सत्ता वगैरे. ही दहा त्यांनी वर्तुळात बसवली. शेजारची मूल्यं एकमेकांना धरून असतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. या मांडणीतली कामाची गोष्ट अशी की यातलं प्रत्येक मूल्य थोडंफार प्रत्येकाकडे असतंच. माणसामाणसांत फरक असतो तो क्रमाचा. आणि हा क्रम दगडावर कोरलेला नसतो. समोर काय प्रसंग आहे आणि विचारणारा कोण आहे, यावर तो थोडा इकडेतिकडे होतो.

हे मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे एका काल्पनिक माणसाचं वर्णन वाचून दाखवायचं आणि 'हा माणूस तुमच्यासारखा आहे का' असं विचारायचं. युरोपातल्या मोठ्या सामाजिक पाहणीत २००२ पासून अशी २१ वर्णनं वापरतात. आपल्याकडे हेच केलं की पंचाईत होते. मोठ्यांचा मान राखणारा माणूस तुमच्यासारखा आहे का? "आहे की." नवं काही करून बघणारा? "तो पण आहे." सगळ्यांना समान वागवणारा? "मग! अगदी माझ्यासारखा." घरी आलेल्या पोरीला नाही म्हणायचं आपल्याकडे जिवावर येतं. म्हणून आम्ही शक्य तिथे कार्डं वापरतो. सहा-सात कार्डं समोर ठेवायची आणि महत्त्वाप्रमाणे लावायला सांगायचं. हातात कार्डं आली की माणूस खरोखर विचारात पडतो, एक उचलतो, परत ठेवतो, शेजाऱ्याकडे बघतो.

शेजारी तर असतातच. ओट्यावर मुलाखत सुरू झाली की पाच मिनिटांत चार जण जमतात. मुलगी प्रश्न घरातल्या बाईंना विचारते आणि उत्तर दारात उभा असलेला नवरा देतो. मत कुणाला दिलं या प्रश्नासाठी म्हणूनच खोटी मतपत्रिका आणि पेटी नेण्याची पद्धत आहे. बाई कागद घेतात, सगळ्यांकडे पाठ करतात, शिक्का मारतात, घडी घालून पेटीत टाकतात. तेवढ्यापुरता दारातला आवाज बंद होतो. मूल्यांसाठी मात्र अशी पेटी नाही. मूल्यं माणूस चारचौघांतच सांगतो, आणि चारचौघांना पटतील अशीच सांगतो. मूल्यांवरची पाहणी वाचताना हे विसरू नका.

जुन्या शिवसैनिकांपुढे कार्डं ठेवली की 'शब्दाला जागणं' हे कार्ड बहुतेकदा वरच्या दोनांत येतं, माणूस मशालीचा असो नाहीतर धनुष्यबाणाचा. गंमत त्याच्या पुढे आहे. एकाला विचारलं, शब्दाला जागणं म्हणजे काय, तर तो म्हणतो, पडत्या काळात मातोश्री सोडायची नाही. दुसरा म्हणतो, ज्यांच्याबरोबर युती करून २०१९ ला मतं मागितली त्यांना निकालानंतर सोडायचं नाही. तिसरा आणखी मागे जातो. अडीच वर्षं मुख्यमंत्रिपदाचा शब्द बंद खोलीत दिला होता की नव्हता? उद्धव ठाकरे म्हणाले दिला होता, अमित शाह म्हणाले असा शब्द दिलाच नव्हता. म्हणजे मूल्य एकच, आणि ते तिन्ही बाजूंना तितकंच चपखल बसतं. नुसतं कार्ड बघून हा माणूस कुणाकडे गेला असेल हे मला सांगता येणार नाही. तो कुणाकडे गेला हे आधी कळलं, तर त्या कार्डाचा त्याने कोणता अर्थ लावला असेल हे मात्र मी बऱ्यापैकी खात्रीने सांगेन.

अमेरिकेत हे बरंच तपासून झालं आहे. तिथे पक्षनिष्ठेच्या अभ्यासाला साठ-सत्तर वर्षांची परंपरा आहे आणि एकाच माणसाला वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा प्रश्न विचारलेली माहितीही आहे. पॉल गोरेन या अभ्यासकाने १९९२ ते १९९६ या काळात त्याच त्या लोकांनी दिलेली उत्तरं तपासून २००५ मध्ये निष्कर्ष मांडला. समान संधी, सरकारचा कमी हस्तक्षेप, पारंपरिक कुटुंब, नैतिक सहिष्णुता या चारही मूल्यांपेक्षा पक्षनिष्ठा जास्त टिकाऊ निघाली. पक्षामुळे यातली बहुतेक मूल्यं सरकली, मूल्यांमुळे पक्ष सरकला नाही.

त्याच्या दोन वर्षं आधीचा जेफ्री कोहेन यांचा प्रयोग तर मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. विद्यार्थ्यांना गरिबांना मदत करण्याच्या सरकारी योजना दाखवल्या. एक अगदी सढळ हाताची, एक अगदी कंजूष. योजनेला कोणत्या पक्षाचा पाठिंबा आहे ते मात्र आलटून पालटून सांगितलं. उदारमतवादी मुलांनी आपल्या पक्षाची म्हटल्यावर कंजूष योजना उचलून धरली, आणि पुराणमतवादी मुलांनी आपल्या पक्षाची म्हटल्यावर सढळ योजना. विचारल्यावर दोन्ही गटांनी सांगितलं की आम्ही योजनेचा तपशील आणि आमची विचारसरणी बघून ठरवलं. ती मुलं खोटं बोलत नव्हती. आपल्या मूल्यांत बसेल असं काहीतरी त्यांना त्या तपशिलात खरोखरच सापडलं होतं.

आणखी एक आकडा, कारण तो फार बोलका आहे. वैयक्तिक आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक कामात नीतीने वागू शकतो का, असा प्रश्न अमेरिकेतल्या एका पाहणी संस्थेने २०११ मध्ये विचारला. गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल काटेकोरपणे मानणाऱ्या, ख्रिश्चनांपैकी ३० टक्के 'हो' म्हणाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा 'हो' म्हणणारे ७२ टक्के झाले होते. देवधर्म, चर्च, बायबल सगळं जागच्या जागी होतं. उमेदवार तेवढा बदलला होता.

आता महाराष्ट्र. अमेरिकेचं उत्तर जसंच्या तसं इथे आणता येत नाही, कारण तिथले दोन पक्ष दीडशेहून अधिक वर्षं त्याच नावाने उभे आहेत. आपल्याकडे काँग्रेसनेच बैलजोडी, गाय-वासरू आणि हात अशी तीन चिन्हं बदलली. इथे पक्षनिष्ठा हा एकजिनसी धागा नाही. पिळून केलेला दोर आहे तो: पक्षाचं नाव, चिन्ह, नेता, नेत्याचं घराणं, जात, स्थानिक आमदार, साखर कारखाना किंवा शाखा, आणि 'आपली सगळी माणसं कुठे आहेत' हे भान. एरवी हे सगळे पदर एकाच दिशेला ओढत असतात, त्यामुळे वेगळे दिसत नाहीत. पक्ष फुटला की दिसतात.

शिवसेनेत तर मूल्यांचे पदरही पहिल्यापासून दोन होते. १९६६ ला पक्ष निघाला तो मराठी माणसाच्या नोकऱ्यांसाठी. पहिल्या काळात काँग्रेसशी इतकं सख्य की विरोधक मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या नावावरून 'वसंतसेना' म्हणून हिणवायचे. आणीबाणीला बाळासाहेबांनी पाठिंबा दिला. १९८० च्या विधानसभेला पक्ष काँग्रेसच्या बाजूने उभा राहिला. हिंदुत्व ठळकपणे पुढे आलं ते नंतर, १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीच्या सुमारास, आणि भाजपशी पक्की युती झाली १९८९ ला. त्यानंतरही २००७ मध्ये, एनडीएत असूनसुद्धा, राष्ट्रपतिपदासाठी सेनेने काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांना मतं दिली. कारण काय, तर मराठी व्यक्ती राष्ट्रपती होतेय. त्या वेळी तळातल्या शिवसैनिकाला यात काही विसंगत वाटल्याचं मला आठवत नाही. साहेबांनी सांगितलं आणि मराठीचं कार्ड वर आलं. पुढच्या प्रसंगी हिंदुत्वाचं वर आलं. क्रम वरून ठरत होता आणि सगळे एकाच दिशेने चालत होते, म्हणून क्रम बदलल्याचं कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

जून २०२२ मध्ये वरून दोन वेगळे क्रम आले. एकीकडून 'हे गद्दार आहेत, पन्नास खोके घेतले', म्हणजे निष्ठा. दुसरीकडून 'बाळासाहेबांचे विचार सोडून काँग्रेसच्या मांडीवर बसले', म्हणजे हिंदुत्व. दोन्ही कार्डं तुमच्या वडिलांच्याही खिशात होती आणि काकांच्याही. मग कोण कुठे गेलं हे कशावरून ठरलं?

माझ्या पाहण्यातलं उत्तर जरा रुक्ष आहे. शिवसैनिकाचं काम कुणाच्या फोनवर व्हायचं, यावर बरंच ठरलं. सेनेच्या ५५ पैकी ४० आमदार शिंद्यांबरोबर गेले. ज्याचा आमदार, नगरसेवक आणि शाखाप्रमुख तिघंही गेले त्याला राहणं अवघड होतं, आणि ज्याची शाखा हलली नाही त्याला जाणं अवघड होतं. ठाण्यात दिघेसाहेबांपासूनची सगळी माणसं शिंद्यांभोवती होती. लालबाग-परळ-वरळीकडे शाखांचं जाळं बहुतेक जागेवर राहिलं. २०२४ च्या लोकसभेला ठाणे आणि कल्याण शिंद्यांकडे आले, आणि मुंबईतल्या सहापैकी तीन जागा ठाकऱ्यांकडे. वायव्य मुंबईचा निकाल तर ४८ मतांवर लागला. तुमचे वडील आणि काका कुठे राहतात हे प्रश्नात नाही. पण दोघं वेगवेगळ्या वॉर्डांत असतील तर मला नवल वाटणार नाही. तेच जर एका वॉर्डात असतील, तर मग पडत्या काळात दोघांपैकी कुणाला कुणी विचारलं आणि कुणाला डावललं हे शोधावं लागेल. घरातल्या भांडणांचा वाटाही कमी नसतो, पण तो प्रश्नावलीत येत नाही.

राष्ट्रवादीचं प्रकरण याहून सरळ आहे. पक्ष जुलै २०२३ मध्ये शरद पवार आणि अजित पवार यांच्यात फुटला. जून २०२४ मध्ये बारामती लोकसभेला सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या. खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रातही त्यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी होती. नोव्हेंबरमध्ये त्याच क्षेत्रातून अजित पवार सुमारे एक लाखाने निवडून आले. सहा महिन्यांच्या आत हजारो लोकांची मूल्यं उलटीपालटी झाली असं कुणी म्हणणार असेल तर त्याने एकदा बारामतीच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसावं. लोक आधीपासूनच सांगत होते, 'लोकसभेला ताई, विधानसभेला दादा'. त्यांच्या लेखी ही फारकत नव्हतीच. घर एक होतं आणि कामं वाटून दिली होती. पुरोगामी की प्रतिगामी, फुले-शाहू-आंबेडकर की हिंदुत्व, हा वाद पुण्यात आणि वर्तमानपत्रांत चालला होता.

(चिन्हाची ताकद बघायची असेल तर त्याच लोकसभेत सातारा बघा. 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह शरद पवारांच्या पक्षाचं होतं, आणि नुसती 'तुतारी' एका अपक्षाला मिळाली होती. पवारांचा उमेदवार हरला त्या फरकापेक्षा जास्त मतं त्या अपक्षाला पडली. पक्षनिष्ठा शेवटी यंत्रावरच्या इवल्याशा चित्रात शिरते, ती अशी.)

आता ज्या मुद्द्यावर कुणालाच स्वतःकडे बघायला आवडत नाही तो घेऊ. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली, आणि भाजपचे मतदार महिनोन्महिने तेच बोलत होते: फुकट वाटू नका, माणसं आळशी होतात, कष्टाची किंमत राहत नाही. हे मूल्यच झालं, आणि तेही जुनं. २०२४ च्या जूनमध्ये अर्थसंकल्पात 'माझी लाडकी बहीण' आली, महिना १,५०० रुपये. तेच मतदार म्हणू लागले, हा बहिणीचा सन्मान आहे, घरातल्या बाईच्या हातात पैसा गेला पाहिजे. दुसऱ्या बाजूला, कर्नाटकात काँग्रेस सरकारने बायकांच्या खात्यात महिना २,००० टाकले तेव्हा टाळ्या वाजवणारे महाराष्ट्रातल्या योजनेवर 'तिजोरी रिकामी होईल' म्हणत होते. नोव्हेंबर आला आणि महाविकास आघाडीने ३,००० देऊ केले, महायुतीने २,१००. तिजोरीची चिंता बाजू बदलून गेली. यातला कुणीही लबाड नव्हता. स्वावलंबन आणि दुबळ्याला आधार ही दोन्ही मूल्यं प्रत्येक मराठी घरात असतात. योजना कुणाची आहे हे कळेपर्यंत त्यातलं कोणतं काढायचं ते माणूस ठरवत नाही.

पाहणीत याचा बंदोबस्त करायला आम्ही अर्ध्या लोकांना पक्षाचं नाव न घेता प्रश्न विचारतो आणि अर्ध्यांना नाव घेऊन. दोन ढिगांतलं अंतर म्हणजे पक्षाचं वजन. प्रश्नांचा क्रमही सांभाळावा लागतो. 'तुम्हाला कोणता पक्ष जवळचा वाटतो' हे आधी विचारलं, तर नंतरची कार्डं त्या पक्षाला शोभतील अशी लागतात. म्हणून तो प्रश्न आम्ही शेवटी ठेवतो. नव्या मुलांना ते पटत नाही. त्यांना वाटतं आधी पक्ष कळला की पुढचा फॉर्म लवकर भरून होईल. होतोही लवकर, हीच तर अडचण आहे.

पोटापाण्याचा प्रश्न मी मूल्यांपासून वेगळा धरतो, आणि तुम्हीही धरा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. जून २०२४ मध्ये दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या उमेदवार एका शिक्षकाकडून हरल्या. नाशिकचा शेतकरी हिंदुत्वावर नाराज झाला असं काही नव्हतं, भावावर नाराज झाला होता. नोव्हेंबरच्या विधानसभेत नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीने घेतल्या. राग एका निवडणुकीपुरता होता आणि दोर शाबूत होता.

मग मूल्यं खरोखर पक्षाला वाकवतात कधी? मला दोन प्रकार दिसतात.

पहिला, मूल्य हीच जेव्हा माणसाची ओळख असते. आंबेडकरी मतदाराचं उदाहरण घ्या. गेल्या काही दशकांत त्याच्या नेत्यांनी काँग्रेसशी जमवून घेतलं, भाजप-सेनेशी जमवून घेतलं, स्वतंत्र लढून पाहिलं. रामदास आठवले २०११ मध्ये शिवशक्ती-भीमशक्ती म्हणून भाजप-सेनेकडे गेले, पण नेता गेला म्हणून मतदार घाऊक गेला नाही. २०२४ च्या लोकसभेला 'चारशे पार म्हणजे संविधान बदलणार' ही धास्ती वस्तीवस्तीत पोचली. ती खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. प्रकाश आंबेडकरांच्या वंचितला आधी मत दिलेल्यांपैकी बरेच जण त्या वेळी महाविकास आघाडीकडे वळलेले आम्हाला दिसले. इथे संविधान हे यादीतलं एक कार्ड नव्हतं. बाकी कार्डं ज्या टेबलावर मांडायची ते टेबल होतं. मराठा-ओबीसी आरक्षणातही तसंच झालं. २०२३ च्या अंतरवाली सराटीतल्या मराठा आंदोलनानंतर मराठवाड्यात पक्षाचा दोर जातीच्या ताणाखाली सैल झाला, आणि लोकसभेच्या आठपैकी सात जागा महायुतीच्या हातून गेल्या. 'समान न्याय' हे शब्द मात्र दोन्हीकडच्या सभांत सारखेच ऐकू येत होते.

दुसरा प्रकार, पक्षाची भूमिका पोचायच्या आत मुद्दा घराघरांत पोचतो तो. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासननिर्णय निघाला. एरवी कोणत्याही विषयावर पक्षाची ओळ आधी येते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तासाभरात सगळे ती बोलू लागतात. या वेळी पहिल्या दिवसांत भाजप आणि शिंदेसेनेचे मतदारसुद्धा चाचपडत होते. सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा कशाला, हा प्रश्न आईबापांना पक्ष आठवायच्या आत पडला होता. पुरोगामी शिक्षणवाले, मनसेवाले, संघाच्या शाखेत जाणारे मराठी शिक्षक असे एरवी एका खोलीत न बसणारे लोक एकच वाक्य बोलत होते. २९ जूनला निर्णय मागे घेतला गेला आणि ५ जुलैला वरळीत दोघे ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले.

एवढं झाल्यावर बघा काय झालं. निर्णय नको होता यावर मराठी घरांत फारसं दुमत नव्हतं. पण तो आणला कुणी आणि मागे घ्यायला कुणी लावला, हे विचारलं की उत्तरं लगेच पक्षाप्रमाणे फुटत. सत्ताधाऱ्यांनी ठाकरे सरकारच्या काळातल्या माशेलकर समितीच्या अहवालाकडे बोट दाखवलं आणि त्यांच्या मतदारांना हवं ते वाक्य मिळालं. विरोधकांना वरळीचा फोटो मिळाला. मराठीचं कार्ड सगळ्यांनी एकाच जागी ठेवलं होतं. श्रेय कुणाचं आणि दोष कुणाचा, एवढंच काय ते वाटून घेतलं.